सपाट पाय म्हणजे भरतीत बाद? चवड्यावर उभे राहून बघा

‘ओला पाय फरशीवर ठेवा, पूर्ण ठसा उमटला तर सैन्याच्या मेडिकलमध्ये बाद.’ हा मेसेज दर भरतीला फिरतो. त्यात अर्धेच खरे आहे.

ओला ठसा फक्त अंगाचा भार पडल्यावर तळव्याची आतल्या बाजूची कमान किती दबते ते दाखवतो. त्यातही पाय नीट निथळला नसेल तर पाणी पसरते आणि चांगली कमानही सपाट दिसते. वैद्यकीय निकष पाहतो तो पायाचा लवचिकपणा. चवड्यावर उभे राहिल्यावर कमान परत दिसली, चवड्यांवर उड्या मारता आणि धावता आले, पाय मोकळा हलला आणि दुखला नाही, तर सपाट पाय चालतो. कमान उठतच नाही, पाऊल ताठ आहे, सांधे दाबले की दुखतात, तो पाय बाद.

घरी तपासायचे तर अनवाणी, भिंतीला बोटे टेकवून उभे राहा आणि टाचा सावकाश उचला. बघणारा मागे हवा, समोर नको. टाच आतल्या बाजूला वळते का आणि कमानीखाली पोकळी होते का, हे त्याने पाहायचे. बसून अंगठा वर ओढला तरी कमान उठायला हवी, कारण त्याने तळव्याचा पट्टा ताणला जातो.

मुलींसाठी हा निकष सैल किंवा कडक नाही. उंचीत फरक आहे: एनडीएसाठी (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) मुलांना साधारण किमान 157 सेमी, मुलींना 152. पावलाची परीक्षा मात्र दोघांची तीच, आणि अनवाणीच. त्यामुळे बुटातल्या महागड्या इनसोलचा तिथे काही उपयोग नाही.