फड पद्धती

फड पद्धती : उत्तर महाराष्ट्रातील तापी खोऱ्यात शेतकऱ्यांनी स्वतः चालवलेली सामाईक सिंचनव्यवस्था. पांझरा, मोसम व आरम या नद्यांवर, म्हणजे मुख्यतः धुळे जिल्ह्यात आणि नाशिक जिल्ह्याच्या बागलाण-मालेगाव भागात ती आढळते. नदीत पक्का बंधारा घालून पाणी पाटात वळवतात आणि केवळ उताराच्या जोरावर चाऱ्यांतून शेतात नेतात.

बंधारे कोणी बांधले याविषयी एकमत नाही. पद्धतीचे वय सामान्यतः ३०० ते ४०० वर्षे सांगितले जाते. खानदेशातील जुन्या बंधाऱ्यांचे श्रेय फारुकी सुलतानांना (१३८२–१६०१) देण्याची परंपरा आहे. पांझरेपुरती ती पटण्याजोगी आहे. मोसम व आरम यांची वरची खोरी मात्र बागलाणात येतात, आणि १६३८ मध्ये औरंगजेबाने जिंकेपर्यंत बागलाण साल्हेर-मुल्हेरच्या बागुल राजांकडे होते. फारुकींचे वर्चस्व तेथे असलेच तर बहुधा खंडणीपुरते. त्यामुळे सर्व बंधारे एकाच राजवटीच्या नावावर मांडण्यापेक्षा ते निरनिराळ्या काळी, बऱ्याच अंशी स्थानिक पुढाकाराने उभे राहिले, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. वेळोवेळी डागडुजी झाल्याने बांधणीच्या धाटणीवरून काळ ठरवणेही जोखमीचे. शिवाय बंधाऱ्याचे वय तेच फडाच्या नियमांचे वय, असे गृहीत धरता येत नाही.

बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या क्षेत्राला थळ म्हणतात. त्याचे बहुधा चार फड, म्हणजे भाग, पाडतात. एका फडात एका हंगामी एकच पीक घेतात. उसाचा फड दरवर्षी बदलतो आणि पाणी कमी असेल तर एखादा फड पडीक ठेवतात. बहुतेक खातेदारांची जमीन प्रत्येक फडात थोडीथोडी असते. त्यामुळे कोणताही फड कोरडा राहिला तरी झळ सर्वांना सारखी बसते, आणि पाटाच्या शेवटी शेत असलेला एकटा नागवला जात नाही. या पद्धतीचा खरा कणा हाच. पीक कोणते घ्यायचे ते खातेदारांचे पंच ठरवतात. पाटकरी पाळीने पाणी देतो, जागल्या पिकांची राखण करतो. त्यांचा मोबदला पूर्वी धान्यरूपाने मिळे. पाटातील गाळ काढण्याचे काम खातेदार मिळून करतात. एकाच नदीवर ओळीने बंधारे असल्याने वरच्या थळातून झिरपलेले पाणी पुन्हा नदीत उतरून खालच्या बंधाऱ्याला मिळते.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या नोकरीत असताना खानदेशात काम करत होते. नीरा कालव्यावर त्यांनी आणलेल्या ‘ब्लॉक’ पद्धतीची (जमिनीचे गट पाडून पाणी देण्याची रीत) प्रेरणा फडातून मिळाली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. पाळीपाळीने पिके घेण्याचे व पाणी देण्याचे तत्त्व दोहोंत समान आहे. तथापि ब्लॉकचा कारभार सरकारी खात्याकडे होता, फडाचा गावाकडे. सामाईक संसाधनांच्या अभ्यासात फडाला महत्त्व आहे ते गावाकडच्या या कारभारामुळे. राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी अशी संसाधने टिकून राहण्यासाठी १९९० मध्ये मांडलेल्या तत्त्वांपैकी आखीव सीमा, वापरणाऱ्यांनीच केलेले नियम आणि त्यांना जबाबदार असलेली देखरेख ही तीन येथे स्पष्ट दिसतात.

विसाव्या शतकात विहिरी व पंप वाढले. स्वतःचे पाणी असलेल्या शेतकऱ्याला फडाच्या पिकाचे बंधन जाचू लागले. मोसमवर हरणबारी, आरमवर केळझर आणि पांझरेवर अक्कलपाडा ही धरणे झाल्यावर नदीचा प्रवाह धरणातून सुटणाऱ्या आवर्तनांवर अवलंबून राहिला. सहभागी सिंचनासाठी महाराष्ट्राने २००५ मध्ये कायदा करून पाणीवापर संस्थांना अधिकार दिले. काही थळांत जुने पंच व पाटकरी अजून काम पाहतात.