नमुना फळ्यावर ठेवायचा की पुसायचा? शालेय कलावर्गाची पार्श्वभूमी

चित्रकला शाळेत आली ती कारखान्यांच्या गरजेपोटी. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये २३ टप्प्यांचा अभ्यासक्रम होता: सरळ रेषा, भूमिती, छापील चित्रांची नक्कल, मग घनाकृती आणि छायाप्रकाश. रंगाची पाळी फार उशिरा यायची. १८७० मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने दहा हजारांवर वस्तीच्या गावांना औद्योगिक रेखाटनाचे मोफत वर्ग चालवायला लावले.

१८९७ मध्ये व्हिएन्नात नक्कल बाजूला ठेवणारा मुलांचा वर्ग निघाला. इथून पुढे वाद एकाच गोष्टीचा: शिक्षकाने नमुना दाखवावा की नाही? दुसऱ्या महायुद्धानंतर ‘दाखवूच नये’ हे मत जोरात होतं. चित्रं रंगवण्याची तयार पुस्तकंही घातक ठरवली गेली. गंमत अशी, की त्या व्हिएन्नाच्या वर्गात विषय शिक्षकच देत, आकृती कागदभर मोठी काढायला सांगत, आणि मुलांची चित्रं एकमेकांसारखी दिसत. मोकळीक होती, पण म्हणतात तेवढी नव्हे.

दोन्ही टोकांचा तोटा वर्गात लगेच दिसतो. पूर्ण केलेलं चित्र फळ्यावर राहिलं, तर सगळ्यांचं झाड त्याच कोपऱ्यात उगवतं. काहीच दाखवलं नाही, तर मुलं पाठ झालेल्या निसर्गचित्राकडे वळतात. शिवाय ब्रशमध्ये पाणी जास्त, ओल्या पिवळ्यावर जांभळा, की मातकट तपकिरी. त्यावर पुन्हा घासलं की कागदाची सालं निघतात. हा कल्पनाशक्तीचा दोष नव्हे, तंत्र न सांगितल्याचा आहे.

म्हणून दाखवायचं ते तंत्र, चित्र नव्हे. रद्दी कागदावर पाचेक मिनिटं: ब्रश भांड्याच्या काठावर निथळणं, फिका रंग आधी, तो वाळल्यावर गडद, कोलाजमध्ये गोंद कडांपर्यंत. मग तो कागद उचलून ठेवायचा. नमुने हवेतच, तर एकाच विषयाचे तीन, एकमेकांशी न जुळणारे.

१९८० च्या दशकात अमेरिकेत निर्मितीच्या जोडीला कलेचा इतिहास, समीक्षा आणि सौंदर्यविचार आले. हेतू चांगला; पण चाळीस मिनिटांच्या तासिकेत बोलणं लांबलं की रंग वाळायला वेळ उरत नाही. अलीकडच्या निवडप्रधान वर्गांत रंग, माती, कोलाज, छपाई अशी ठाणी, म्हणजे प्रत्येक कामाची वेगळी जागा, मांडतात आणि विषय मूल ठरवतं. सगळी ठाणी पहिल्याच दिवशी उघडली तर आवराआवरीतच तास संपतो; आधी रेखाटन, आवराआवरीची सवय लागल्यावर रंग, माती सर्वांत शेवटी.