डबा बाहेरून घामेजला तर नायट्रोजन ओतणं थांबवा

सातपूरच्या आमच्या वर्कशॉपवर ‘दुर्बिणीला इन्फ्रारेड कॅमेरा लावायचाय’ म्हणून येणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुतेकदा सीसीटीव्ही असतो. त्यातली चिप सिलिकॉनची, १.१ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या पुढे ती आंधळीच. धुळीच्या ढगाआडचे तारे टिपायला १.२५, १.६५ आणि २.२ मायक्रॉनचे पट्टे लागतात आणि त्यासाठी पारा, कॅडमियम, टेल्युरियमचा डिटेक्टर. माउंट अबूच्या गुरुशिखरावर १.२ मीटरच्या दुर्बिणीवर असंच काम चालतं. डिटेक्टर आम्ही बनवत नाही. तो ज्यात बसतो तो निर्वात डबा, म्हणजे ड्यूअर, आम्ही बनवतो आणि दुरुस्तही करतो.

उबदार वस्तू स्वतःच इन्फ्रारेड फेकते, कॅमेऱ्याचं अंगसुद्धा. भिंतीच उजळलेल्या असतील तर काजवा कुठून दिसणार? म्हणून डिटेक्टर आणि फिल्टर द्रव नायट्रोजनने उणे १९६ अंशांच्या आसपास नेतात. निफाडची थंडी त्यापुढे उन्हाळाच म्हणायची! जनावरांच्या दवाखान्यात गोठीत रेतमात्रा ठेवतात तो कंटेनर पाहिला असेल, तर आमचा डबा त्याचाच भाऊबंद. फरक इतकाच, की याला खिडकी असते.

आधी व्हॅक्यूम, मग नायट्रोजन. हा क्रम उलटा झाला तर आतल्या हवेतली वाफ थेट डिटेक्टरवर गोठते. थंड करायची घाई नको. डिटेक्टरचा थर सिग्नल वाचणाऱ्या सिलिकॉन चिपवर इंडियम या मऊ धातूच्या बारीक ठिपक्यांनी जोडलेला असतो आणि दोन्ही सारखे आकसत नाहीत. आम्ही मिनिटाला एक अंशापेक्षा जास्त उतरत नाही. म्हणजे जवळजवळ चार तास. चहा-मिसळ उरकून या.

एक लिटर द्रवाचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा, डब्याच्या तोंडाला घट्ट बूच कधीच नको.

आषाढ-श्रावणात डबा उघडायचा मोह टाळा. दमट हवा आतल्या पत्र्याला चिकटते आणि पंप रात्रभर चालवूनही आतल्या दाबाचा आकडा उतरत नाही.

डब्याला बाहेरून दव आलं, की व्हॅक्यूम गेलं समजा. ओतणं थांबवा, डबा आपोआप कोमट होऊ द्या आणि मगच ओ-रिंग, म्हणजे जोडाची फट बंद करणारी रबरी कडी, काढून उजेडात फिरवून बघा. दुरुस्तीला आलेल्या एका डब्यात ओ-रिंगवर फक्त एक केस आडवा पडला होता. ग्राहकाचा नव्हे, आमच्याच माणसाचा. तेव्हापासून वर्कशॉपमध्ये सगळ्यांना टोपी.