कुरडया, लोकल आणि डोक्यातलं घड्याळ

एप्रिल 2020 मध्ये आमच्या लालबागच्या घरात आज कोणता वार आहे हे फक्त आईला ठाऊक असायचं. कारण तिचे गहू भिजत होते. कुरडयांचे गहू तीन दिवस भिजत ठेवायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा, तो रात्रभर निवळू द्यायचा आणि पाचव्या दिवशी पहाटे उठून शिजवायचा. ऊन चढायच्या आत सोऱ्या घेऊन ती गच्चीवर हजर. मी तेव्हा पहाटे तीनला झोपून अकराला उठत होतो आणि आज मंगळवार की शुक्रवार, हे मोबाइलमध्ये बघत होतो.

लॉकडाऊन दोघांना एकच, घरही तेच. पण चिडचिड माझी व्हायची, तिची नाही. व्हॉट्सॲपवर ‘सकारात्मक राहा’चा रतीब चालूच होता. तो वाचून मला आणखी वैताग यायचा.

आपल्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, सुमारे 20,000 पेशींचा एक पुंजका आहे. तेच शरीराचं मुख्य घड्याळ. झोप, भूक, शरीराचं तापमान या सगळ्यांच्या वेळा ते लावून देतं. गंमत म्हणजे बहुतेक माणसांत हे घड्याळ जरा मागे पडतं. त्याचा दिवस सरासरी 24 तास 12 मिनिटांच्या आसपास भरतो. रोजची बारा मिनिटं म्हणजे दहा दिवसांत दोन तास. रोज सकाळी कुणीतरी काटे सरकवावे लागतात, आणि ते काम करतो उजेड. डोळ्याच्या पडद्यावर काही पेशी अशा आहेत की त्यांचं मुख्य काम चित्र दाखवणं नाही, बाहेर किती उजेड आहे याची वर्दी या घड्याळाला देणं हे आहे. निळसर उजेड त्यांना विशेष जाणवतो. तो सकाळी मिळाला तर घड्याळ पुढे सरकतं, रात्री उशिरा मिळाला तर आणखी मागे. रात्री दोनला मी मोबाइल तोंडासमोर धरून नेमकं काय करत होतो, ते आता कळतं.

ट्यूबलाइट लावून भागत नाही. बऱ्यापैकी उजळ वाटणाऱ्या खोलीत शे-तीनशे लक्स उजेड असतो. बाहेर सकाळच्या स्वच्छ उन्हात तो दहा हजारांच्या वर जातो, भर दुपारी लाखाच्या घरात. डोळा चटकन जुळवून घेतो, म्हणून हा फरक आपल्याला जाणवतच नाही. घड्याळाला मात्र जाणवतो. एरवी मी सकाळी स्टेशनपर्यंत चालत जायचो, 8.12 ची लोकल धरायचो आणि दाराशी लटकत अर्धं आकाश बघायचो. हे औषध आहे हे माहीत नव्हतं, अर्थात. 22 मार्चच्या मध्यरात्रीपासून लोकल बंद झाल्या, आणि मुंबईकराला वेळेवर उठवणारी, उन्हात नेणारी यंत्रणाच थांबली.

त्या मार्च-एप्रिलमध्ये ऑस्ट्रिया, जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधल्या लोकांची झोपेबद्दल पाहणी झाली. गजर नसल्यामुळे लोक थोडे जास्त झोपत होते, पण झोप पूर्वीइतकी चांगली लागत नव्हती. ज्यांना बाहेरचा उजेड जास्त मिळत होता, त्यांची झोप तुलनेने कमी बिघडली होती.

वार विसरण्याची गोष्ट थोडी वेगळी. 1962 मध्ये मिशेल सिफ्र हा फ्रेंच भूशास्त्रज्ञ आल्प्समधल्या एका गुहेत घड्याळाशिवाय दोन महिने राहिला. 14 सप्टेंबरला तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हिशेबाने 20 ऑगस्ट होता. झोपण्या-उठण्याचं चक्र साधारण साडेचोवीस तासांवर टिकून होतं, दिवसांची मोजदाद मात्र पार चुकली होती. मागे वळून काळ मोजताना मेंदू आठवणींच्या खुणा मोजतो. सगळे दिवस सारखेच गेले की खुणा उरत नाहीत. म्हणून तेव्हा एकेक दुपार सरता सरत नव्हती आणि महिना कधी संपला ते कळलं नाही. 28 मार्चपासून दूरदर्शनवर सकाळी आणि रात्री नऊला ‘रामायण’ पुन्हा लागलं, तेव्हा शेजारच्या काकांचा दिवस जरा ताळ्यावर आला. भक्ती होतीच, पण नऊचा ठोकाही होता.

उजेडाचा सल्ला देणं सोपं आहे. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं आणि खिडकी समोरच्या भिंतीवर उघडते, तिथे तो कुठून आणायचा? 1896 च्या प्लेगनंतर दोन वर्षांनी मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, तो दाट वस्तीत हवा-उजेड आणण्यासाठीच. त्यांच्या डोक्यात रोगराई होती, झोप नव्हती. पुढच्या साथीपर्यंत आपण पुन्हा खिडकीला खिडकी भिडवून मोकळे झालो. आणि ज्यांचा रोजगारच गेला, त्यांची झोप उडाली ती काही उजेडाअभावी नव्हे. त्यांना गच्चीवर जा म्हणणं ही थट्टाच.

माझ्यापुरतं म्हणाल तर आईने मला कामाला लावलं, शास्त्र न सांगता. ‘कावळे हाकलायला कुणीतरी पाहिजे, सातला वर ये.’ पहिले तीन दिवस मी पेंगत बसलो. आठवड्याभराने रात्री साडेअकराला डोळे मिटायला लागले. कुरडया वाळून डब्यात गेल्या, आणि झाकणावर चिकटपट्टी लावून तिने पेनने लिहिलं: 17 एप्रिल, शुक्रवार.