पार्केटच्या नक्षीमागचे लाकूड

नव्या घरासाठी पार्केट, म्हणजे लाकडाच्या तुकड्यांची नक्षीदार जमीन, पाहायला गेले की पहिला प्रश्न नक्षीचा येतो. हेरिंगबोन घ्यायचे, शेवरॉन घ्यायचे, व्हर्सायचे चौकोन घ्यायचे की सरळ रुंद फळ्या? विक्रेता प्रत्येक नक्षीला एक शैली जोडून देतो: हेरिंगबोन क्लासिक घराला, फिक्या रुंद फळ्या स्कँडिनेव्हियन घराला. ही जोडणी चुकीची नाही, पण ती नंतरची आहे. यातली बहुतेक प्रत्येक नक्षी लाकडाच्या एखाद्या अडचणीवर सुताराने काढलेला तोडगा होती. शैलीचे नाव तिला पुढे चिकटले.

मूळ अडचण एकच. लाकूड हवेतला ओलावा पिऊन फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. लांबीत हा फरक जवळजवळ जाणवत नाही, रुंदीत मात्र चांगलाच जाणवतो. म्हणून हातभर रुंदीची अखंड फळी कोरड्या दिवसांत शेजारणीपासून दूर सरकते, दमट दिवसांत कडा वर उचलते. तीच जागा अरुंद तुकड्यांनी भरली, तर प्रत्येक सांध्याच्या वाट्याला थोडीच हालचाल येते. तुकड्यांची दिशा बदलत नेली, तर सगळी जमीन एकाच बाजूला ओढली जात नाही. 'पार्के' या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ कुंपण घातलेली छोटीशी जागा. लाकडाला लहान लहान चौकटींत बसवायचे, ही कल्पना नावातच आहे.

तिचा सर्वांत प्रसिद्ध वापर फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या व्हर्साय राजवाड्यात झाला. तिथे वरच्या मजल्यांवर संगमरवर होता आणि तो वारंवार धुवावा लागे. धुण्याचे पाणी सांध्यांतून झिरपून खालच्या लाकडी तुळयांत मुरे आणि तुळया कुजत. पाणी टाकून फरशी धुणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. 1684 मध्ये संगमरवर काढून ओकची जमीन घातली गेली. मोठ्या चौकोनी चौकटी, त्यांच्या आत एकमेकींत गुंतलेल्या तिरप्या पट्ट्या, सांध्यांना लाकडी खुंट्या आणि अख्खी चौकट खोलीत तिरकी बसवलेली. 1693 मध्ये डॅनियल क्रोनस्ट्रॉम या स्वीडिश माणसाने व्हर्साय आणि तिथल्याच ग्राँ त्रियानों या धाकट्या राजवाड्यातल्या या तिरप्या चौकटींची नोंद केली. पुढे युरोपातल्या दरबारांनी तिची नक्कल केली, आणि कुजक्या तुळयांवरचा उपाय राजेशाहीची खूण बनला.

सामान्य शहरी घरात मात्र शिरली ती दुसरी नक्षी. काटकोनात कापलेल्या सारख्या पट्ट्या, एकीच्या टोकाला दुसरीची कड, माशाच्या काट्यासारखी रचना: हे हेरिंगबोन. पट्ट्यांची टोके तिरपी कापून एकमेकांना भिडवली की सलग बाणासारख्या रेघा उमटतात: ते शेवरॉन. फ्रेंच लोक त्याला 'हंगेरियन टाका' म्हणतात. शेवरॉनमध्ये प्रत्येक टोक तिरके कापताना लाकूड वाया जाते आणि कोन जरासा चुकला तर रेघ लगेच वाकडी दिसते. दोहोंच्या किमतीत आजही फरक पडतो तो यामुळे. 1853 नंतर ओसमान या प्रशासकाने पॅरिसची पुनर्रचना केली, तेव्हा उभ्या राहिलेल्या इमारतींत या दोन्ही नक्षी रुळल्या. तिथल्या घरांच्या जाहिरातींत 'पार्के, छताची नक्षी, शेकोटी' हे त्रिकूट आजही एका दमात येते.

त्याच पॅरिसमधले एक चित्र मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचे वाटते. गुस्ताव्ह कायबोत याने 1875 मध्ये लाकडी जमीन खरवडणारे तीन कामगार रंगवले. उघड्या अंगाने गुडघ्यांवर वाकलेले, खिडकीतून येणारा उजेड पाठीवर, बाजूला लाकडाच्या कुरळ्या सालपटांचा सडा. जमिनीवर काळसर आणि फिके पट्टे आलटून पालटून दिसतात, कारण काम अर्धे झालेले आहे. त्या वर्षीच्या अधिकृत प्रदर्शनाने हे चित्र नाकारले, कारण शहरातले मजूर असे दाखवणे तेव्हा हलके समजले जाई. आज ते ओर्से संग्रहालयात आहे. पार्केटची चमक कुणाच्या गुडघ्यांवर उभी होती, ते इतक्या आदराने दुसऱ्या कुणी दाखवल्याचे मला आठवत नाही.

व्हिएन्नात गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. 1843 ते 1846 या काळात लिख्टेनस्टाइन घराण्याच्या शहरी राजवाड्यात पार्केटचे काम चालू होते आणि त्यात मिखाएल थोनेट हा फर्निचर घडवणारा कारागीर होता. वाकवलेल्या लाकडाचा त्याचा हात पुढे 1859 च्या साध्या कॅफे-खुर्चीत दिसला. आधुनिक फर्निचरच्या या पूर्वजाने आधी सरंजामी जमिनी घडवल्या होत्या, हे हेरिंगबोनवर आधुनिक खुर्ची ठेवताना बिचकणाऱ्यांनी जरूर लक्षात घ्यावे. दोघांचे नाते जुने आहे.

विसाव्या शतकात दोन गोष्टी बदलल्या. तुळयांची जागा काँक्रीटने घेतली आणि 1863 मध्ये पेटंट झालेले लिनोलियम, म्हणजे जवसाच्या तेलापासून केलेले जमिनीचे आच्छादन, स्वस्त पर्याय म्हणून घरोघर पोहोचले. आता खिळे मारायला पार्केटखाली लाकूडच उरले नाही. तुकडे डांबरावर चिकटवले जाऊ लागले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर फक्त 8 मिलिमीटर जाडीच्या बोटभर पट्ट्यांचे चौकोन आले: एक उभा, एक आडवा. साठच्या दशकातल्या घरांची ओळख असलेली ही नक्षी मुळात लाकडाच्या काटकसरीची आहे. अमेरिकेत 1946 मध्ये बोस्टनच्या बास्केटबॉल संघाचे प्रसिद्ध मैदान असेच घडले. युद्धामुळे लांब लाकूड मिळेना, म्हणून ओकचे उरलेसुरले आखूड तुकडे जोडून 5 फुटी चौकोन केले. त्याच पाटावर तो संघ 1999 पर्यंत खेळला.

दरम्यान स्वीडनमध्ये गुस्ताफ केअर याने मूळ अडचणीवरच घाव घातला. 1941 च्या त्याच्या पेटंटमध्ये फळी अखंड नाही, थरांची आहे. वर चांगले लाकूड, खाली आडव्या रेषांचा थर, त्याखाली आणखी एक. थर एकमेकांना धरून ठेवतात आणि रुंदीतली हालचाल बरीच कमी होते. नव्वदच्या दशकात गोंदाशिवाय एकमेकींत अडकणाऱ्या फळ्या आल्या. आज स्कँडिनेव्हियन म्हणून विकली जाणारी रुंद, फिकी, शांत जमीन खालून गरम होणाऱ्या घरातही तग धरते ती या थरांच्या जोरावर. फळ्या रुंद करण्याची मुभा मिळाली, मग डोळ्यांना रुंदी आवडू लागली.

त्यामुळे आजची निवड करताना मी आधी खोलीकडे पाहीन. छोट्या खोलीत मोठे हेरिंगबोन घातले तर नक्षी भिंतीपाशी अर्धवट तुटते. तिथे अरुंद, आखूड पट्टीच शोभते. भिंती कोऱ्या आणि फर्निचर मोजके असेल, तर फिक्या ओकचे हेरिंगबोन खोलीतला एकमेव दागिना म्हणून पुरते. व्हर्सायच्या चौकोनांना उंच छत आणि मोकळी जमीन लागते; सोफ्याखाली ते वाया जातात. कपाटे, पडदे, भिंती आधीच बोलक्या असतील तर सरळ फळ्या घ्याव्यात.

मग फळीची कड पाहावी. युरोपीय मानकानुसार वरचा खरा लाकडी थर किमान 2.5 मिलिमीटर असेल तरच तिला पार्केट म्हणता येते. त्याहून पातळ असेल तर घासून नवी करण्याची आशा धरू नये. लॅमिनेटमध्ये तर वर लाकडाचे छापील चित्र असते.

मुंबई आणि कोकणपट्टीत यावर आणखी एक गोष्ट येते. पावसाळ्यातला दमटपणा आणि नंतर एसीची कोरडी हवा, अशी लाकडाची दुहेरी ओढाताण इथे दरवर्षी होते. ओकच्या मानाने सागवान बरेच कमी आकसते. त्यामुळे इथे सागवानाचा वरचा थर असलेली थरांची फळी मला ओकपेक्षा भरवशाची वाटते. बसवताना भिंतीलगत 10 ते 12 मिलिमीटर मोकळी जागा सोडून ती स्कर्टिंगखाली झाकावी. ती जागा सोडली नाही, तर पहिल्याच पावसाळ्यात जमीन मधोमध फुगून वर येऊ शकते. आणि पुसायचे ते घट्ट पिळलेल्या फडक्याने. बादलीभर पाणी ओतले तर इथेही व्हर्सायसारखेच ते सांध्यांतून खाली उतरेल.