बाजू दुप्पट म्हणजे आकृती दुप्पट? नाही!

‘बाजू दुप्पट केली की आकृतीही दुप्पट होते’ हा समज सातवी-आठवीच्या वर्गात वर्षानुवर्षं टिकून आहे. तो चूक आहे. चौकटीच्या कागदावर ३ घरं बाजूचा चौरस काढा, आत ९ घरं मावतात. बाजू ६ करा, ३६ मावतात. परिमिती दुप्पट झाली, क्षेत्रफळ मात्र चौपट, कारण लांबी आणि रुंदी दोन्ही वाढल्या. (कोन तसूभरही बदलत नाहीत, हेही मुलांकडून मोजून घ्यावं.)

मला सर्वांत आवडणारं उदाहरण झेरॉक्सच्या दुकानातलं. ए४ कागद २१० × २९७ मिमी, ए३ कागद २९७ × ४२० मिमी. दोन ए४ शेजारी ठेवले की एक ए३ होतो, म्हणजे क्षेत्रफळ बरोबर दुप्पट. तरीही ए४ चं ए३ करताना मशीनवर २०० नव्हे, १४१ टक्के निवडावे लागतात. बाजू वाढते ती २ च्या वर्गमुळाच्या पटीत, सुमारे १.४१४. बौधायनाच्या शुल्बसूत्रात (यज्ञवेदींच्या मोजमापाच्या प्राचीन ग्रंथात) हेच आहे: चौरसाच्या कर्णावर काढलेला चौरस दुप्पट क्षेत्रफळाचा असतो. सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी हे दोन कागद मुलांच्या हातात द्या.