दहावं ड्रिल: गेममधल्या विजेचं गणित

माझा भाचा मित्रांबरोबर एक छोटा स्ट्रॅटेजी गेम बनवतोय, परवा लॅपटॉप घेऊन दाखवायला आला. वरच्या पट्टीत सोनं, लाकूड आणि एनर्जी असे तीन आकडे, आणि तिन्ही अगदी सारखेच वागतात, गोळा करा, साठवा, लागेल तेव्हा खर्च करा. मी म्हटलं अरे, वीज अशी नसते. तर म्हणे, "मामा, नुसतं नावच तर आहे, काय फरक पडतो?" खूप फरक पडतो!

सोनं तिजोरीत पडून राहतं. वीज आत्ता बनली की आत्ताच वापरावी लागते, साठवायची तर बॅटरीचा वेगळा खर्च. शाळेत ज्यूल आणि वॅट शिकलो होतो ना, तोच हा फरक: ज्यूल म्हणजे टाकीतलं पाणी, वॅट म्हणजे नळाची धार. जुन्या गेमवाल्यांना हे पक्कं माहीत होतं. १९९५ च्या 'कमांड अँड कॉन्कर'मध्ये वीज कमी पडली की रडार बंद आणि बांधकाम रखडतं, म्हणजे शत्रूने पॉवर प्लांट पाडले की अख्खा बेस आंधळा. सोन्याची खाण पाडून असा झटका बसत नाही.

पण माझा सगळ्यात लाडका नमुना म्हणजे 'फॅक्टोरिओ', प्रागच्या वूब सॉफ्टवेअरचा कारखाने उभारायचा गेम. त्यात विजेच्या ड्रिलने कोळसा काढायचा, पट्ट्यावरून बॉयलरपर्यंत न्यायचा, वाफेवर इंजिनं चालवायची, आणि त्याच विजेवर पुन्हा ते ड्रिल चालतं. एक ड्रिल सेकंदाला कोळशाचं अर्धं ढेकूळ काढतं, एका ढेकळात ४ मेगाज्यूल, म्हणजे एका ड्रिलमागे २ मेगावॅट. ड्रिल स्वतः खातं फक्त ९० किलोवॅट. बावीसपट परतावा, मग काळजी कसली असं वाटतं.

आता नीट बघा. समजा १० बॉयलर आहेत, प्रत्येकी १.८ मेगावॅट, एकूण १८. कोळशाला बरोब्बर ९ ड्रिल, तेही १८ चेच. सगळं जुळलंय. मग तुम्ही चार नवी मशिनं लावता आणि मागणी २० होते. या गेममध्ये वीज कमी पडली की सगळी मशिनं त्या प्रमाणात हळू होतात, म्हणजे इथे ९० टक्के वेगाने. पण त्यात ड्रिलही आली! कोळसा ९० टक्केच निघतो, वीज १६.२ वर येते, मग वेग ८१ टक्के, वीज १४.५८, पुढच्या फेरीला १३.१. दर फेरीला ०.९ ने गुणायचं, सात फेऱ्यांत वीज निम्म्याच्या खाली जाते आणि घसरण कुठेच थांबत नाही, शून्याकडेच जाते.

आणि आता माझा आवडता भाग. बॉयलर तेवढेच ठेवा, फक्त दहावं ड्रिल लावा, आणि मागणी त्या ड्रिलसकट २० धरा. वेग ९० टक्केच होतो, पण दहा ड्रिल ९० टक्क्यांनी चालली तरी १८ मेगावॅटचा कोळसा निघतोच, त्यामुळे वीज १८ वरच टिकते. कारखाना जरा मंदावतो, मरत नाही. म्हणजे नियम असा की पूर्ण वेगाने निघणाऱ्या कोळशातली ऊर्जा एकूण मागणीपेक्षा कमी नको, बॉयलर कमी असले तरी एकवेळ चालेल. एका ड्रिलचा फरक आणि एकीकडे समतोल, दुसरीकडे पूर्ण अंधार!

मी हे पहिल्यांदा अनुभवलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. पट्ट्यावर कोळसा साठलेला असतो म्हणून आधी काहीच कळत नाही, मग ढेकळांमध्ये फटी दिसायला लागतात, बॉयलरमध्ये कोळसा टाकणारे यांत्रिक हात जड झाल्यासारखे फिरतात, आणि शेवटी एक हात अर्ध्यात कोळसा धरून तसाच थांबतो. यावरचा उपाय म्हणजे तिथे कोळशावरच चालणारे हात लावायचे, ते स्वतःचं इंधन स्वतःच उचलतात, शिवाय खाणीला विजेची वेगळी छोटी लाईन द्यायची.

इथेच एक सांगतो, मोटरने डायनॅमो फिरवायचा आणि त्याच विजेवर मोटर चालवून वर फुकट दिवे लावायचे असे व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर फिरतात, त्यावर एक रुपया घालवू नका. वरच्या चक्रात बाहेरून कोळसा येतोय म्हणून ते चालतं. मोटर-डायनॅमोत बाहेरून काहीच येत नाही आणि घर्षणात, उष्णतेत थोडं जातंच, त्यामुळे ते चक्र थांबणारच.

खऱ्या औष्णिक केंद्रालाही कोळसा दळायला, पंखे आणि पंप चालवायला स्वतःची वीज लागते. म्हणून ३१ जुलै २०१२ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताचे ग्रिड (विजेची जाळी) कोसळले तेव्हा नुसतं बटण दाबून ती केंद्रं सुरू करता येईनात, आधी बाहेरून वीज आणून द्यावी लागली. जलविद्युत केंद्राला सुरू व्हायला फार थोडी वीज पुरते, म्हणून अशा वेळी धरणांचा आधार असतो. आणि खऱ्या ग्रिडवर ताण आला की ५० हर्ट्झची फ्रिक्वेन्सी घसरते, मग रिले, म्हणजे आपोआप चालणारे स्विच, काही भाग तोडून टाकतात म्हणजे बाकीचा वाचतो. मुंबई बाकी ग्रिडपासून तोडून असंच वेगळं बेट करून वाचवायची सोय आहे, १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली तेव्हा मात्र ते बेट टिकलं नाही.

भाच्याने आता त्याच्या गेममध्ये खाणीला वीज लागेल असं केलंय. पहिल्याच टेस्टला बेस चौथ्या मिनिटाला बंद पडला आणि त्याचा फोन आला, "मामा, खेळणाऱ्याला आधी लाल इशारा दाखवू का?" मी म्हटलं इशारा नको, पट्ट्यावरच्या फटी दिसू देत.